कळण्याची भाकरी आणि कुणी न विचारलेला प्रश्न

या धाग्यात आजवर आपण किल्ले, तहनामे आणि ताम्रपट यांविषयी बोललो. आज एका भाकरीविषयी लिहितो. विषय घरचा आहे, त्यामुळे तटस्थ राहणे मला जमेलच असे नाही. तेवढी सवलत द्यावी.

१८८० साली खानदेशाच्या संदर्भात दोन गोष्टी घडल्या. मुंबई सरकारच्या गॅझेटिअर मालेतील बारावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. हा जाडजूड खंड सबंध खानदेश जिल्ह्याला वाहिलेला होता. त्याच वर्षी जळगावला जवळजवळ खेटून असलेल्या असोदा गावी महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावला चौधरींच्या घरी गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपुढे आणि शेतात ती जे रचत आणि गात असे, ते मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी तिचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तकरूपाने आले. बहिणाबाई चौधरी कोण होत्या, हे आता महाराष्ट्रात सांगावे लागत नाही.

माझे आजोळही असोद्याचेच. अभ्यासासाठी गॅझेटिअर उघडले की मला हा १८८० चा योगायोग आठवतो. एका बाजूला जिल्ह्याची माती, नद्या, पिके, जाती, जत्रा आणि सारा यांची नोंद करणारे सरकारी पुस्तक, तर दुसऱ्या बाजूला त्याच मातीत, त्याच वर्षी जन्मलेली, कागदाशी संबंध नसलेली बाई. या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत कळण्याची भाकरी सापडते.

ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी आणि सालासकट अख्खे काळे उडीद एकत्र करून, त्यातच मीठ घालून दळतात. या पिठाला कळणा म्हणतात. त्याची भाकरी करड्या-काळपट रंगाची, जाडसर आणि खरपूस होते. हिवाळ्यात ती वांग्याच्या भरिताबरोबर खातात, एरवी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेल पुरते. भरितासाठी वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, हा असोद्याचा आग्रह. त्या आगीचा वास भाजलेल्या वांग्यात उतरतो, गॅसवर तो येत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भाकरीच्या वाट्याला असा कागद आलेला नाही.

आता शब्द पाहू. मराठीत ‘कळणाकोंडा’ असा जोडशब्द आहे. ‘कळणाकोंडा खाऊन दिवस काढले’ असे जुनी माणसे म्हणतात. कोंडा म्हणजे धान्याचे टरफल. कळणा म्हणजे डाळ भरडताना जात्याभोवती उरणारा चुरा आणि साल. हा शब्द मुळात उरल्यासुरल्याचा आहे. माझा तर्क असा की, घरात डाळ भरडली जाई, चांगली डाळ विक्रीला किंवा सणावाराला बाजूला पडे आणि उरलेला चुरा ज्वारीच्या पिठात मिसळून घरच्यांच्या ताटात येई. पुढे चव आवडली म्हणून लोकांनी मुद्दाम अख्खे उडीद घालायला सुरुवात केली, पण नाव तेच राहिले. हा तर्क आहे, तो पुरावा म्हणून पुढे पाठवू नका.

धान्यांची वंशावळ मात्र पुरातत्त्वाने बऱ्यापैकी पक्की केली आहे. ज्वारी आपली वाटते, पण ती आफ्रिकेची. आजच्या सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती पेरायला सुरुवात केली आणि समुद्रमार्गे ती भारतात आली. उडीद मात्र इथलाच, भारतीय उपखंडात माणसाळलेला. म्हणजे ‘गावरान’ म्हणून आपण ज्या भाकरीचा अभिमान बाळगतो तिच्यात एक परदेशी आणि एक देशी धान्य आहे, आणि सोबतच्या ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेहून आलेली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा भाकरी मोडून पाहावी.

या दोन धान्यांची जोडी जमण्यामागे एक साधे कारण आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की चिवट, ताणणारे जाळे तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत असे जाळे होत नाही. ज्वारीला एकत्र धरून ठेवते ती तिच्यातली विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा. पीठ ताजे असेल तर विरी असते, जुने झाले की ती जाते. मग थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरी हातातच मोडते. त्यावरचा उपाय म्हणजे आधणाचे पाणी घालून पीठ मळणे. दुसरा उपाय उडीद. उडदाचा बुळबुळीतपणा ज्वारीला बांधून ठेवतो. पोटाच्या दृष्टीनेही धान्यात जे कमी पडते ते डाळ भरून काढते. दारिद्र्यातून आलेला पदार्थ म्हणून कळण्याकडे पाहणारे त्यातली ही हुशारी विसरतात.

मीही विसरलो होतो, किंबहुना मला तिची लाज वाटत होती. पाचवीत असताना माझ्या डब्यात कळण्याची भाकरी असे. वर्गात एकाने ‘काय रे, शेणाची गोवरी आणली का?’ असे विचारले आणि सगळे हसले. त्या दिवशी डबा तसाच परत आला. घरी येऊन मी आजीला सांगितले की उद्यापासून पोळी दे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोळी आली आणि पुढे सात-आठ वर्षे येत राहिली. गहू ही प्रतिष्ठेची वस्तू कशी झाली, यावर स्वतंत्र धागा लिहिता येईल. त्यात अमेरिकेहून आलेला मदतीचा गहू, रेशनचे दुकान आणि हरितक्रांती हे सगळे येईल. पण त्या इतिहासात एका पाचवीतल्या मुलाचाही वाटा आहे, तो मी इथे नोंदवून ठेवतो.

आता थोडे दूर जाऊ, थेट डेन्मार्कला. (डॅनिश लोक आणि मराठे यांचा संबंध नव्हता असे नाही. डॅनिशांची तरंगंबाडीची वखार १६२० ते १८४५ अशी सव्वादोनशे वर्षे टिकली आणि त्यातला मोठा काळ शेजारी तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. तो विषय पुढे केव्हातरी.) गेल्या वर्षी एका चर्चासत्रासाठी मी पहिल्या महायुद्धातील अन्नधोरणांवर वाचत होतो. त्यात मिकेल हिंडहेडे या डॅनिश वैद्याची गोष्ट सापडली. डेन्मार्क युद्धात तटस्थ होता, पण १९१७ मध्ये समुद्रमार्ग बंद होऊन बाहेरचे धान्य आणि जनावरांचा चारा येईनासा झाला. सरकारने हिंडहेडे यांचा सल्ला घेतला. त्यांचे म्हणणे सरळ होते: डुकरांना धान्य खाऊ घालून मग डुकरे खाण्यापेक्षा डुकरे कमी करा आणि ते धान्य थेट माणसांना द्या. त्यांनी राय या धान्याच्या काळ्या पावात कोंडाही ठेवायला लावला. जोडीला सातू आणि बटाटे दिले. त्या टंचाईच्या वर्षात कोपनहेगनमधला मृत्युदर वाढण्याऐवजी घटला, असे त्यांनी १९२० साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

म्हणजे तिथे कळणाकोंडा हे राष्ट्रीय धोरण झाले. हे वाचताना मला हेवा वाटला, हे कबूल करतो. त्याआधी चाळीस वर्षे, १८७७ च्या दुष्काळात, हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी मजुरी पुरेशी ठरवली होती. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठी! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही आक्षेप घेतला. सरकारी कागदांत त्या काळचे धान्य मोजून-मापून सापडते. त्या धान्याची भाकरी कुणी, कशी केली, सरपण कुठून आणले, हा प्रश्नच त्या कागदांचा नव्हता.

चर्चासत्र संपले तरी तो काळा पाव डोक्यातून जाईना. पुण्यात चौघे मिळून राहतो, तिथे एक छोटी भट्टी आहे. मी रायचे पीठ मागवले, आठवडाभर पीठ-पाणी आंबवून विरजण तयार केले, बिया घातल्या, साच्यात ओतले आणि दीड तास भाजले. बाहेर आली ती वीट. कापली तर आत चिखल. नंतर वाचून कळले की रायचीही अडचण ज्वारीसारखीच आहे. तिच्यातही गव्हासारखे ताणणारे जाळे होत नाही. शिवाय भाजताना तिच्यातला पिष्टमय भाग विरघळू लागतो आणि पाव आतून गिच्च राहतो. आंबटपणा त्या विरघळण्याला लगाम घालतो, म्हणून विरजण आवश्यक. भाजल्यावर पाव निदान एक दिवस तसाच ठेवायचा, मग कापायचा. मी तो गरम असतानाच कापला होता. निकृष्ट जमिनीत आणि थंडीत येणारे धान्य, त्याला न ताणणारे पीठ, म्हणून उत्तरेकडच्या लोकांनी आंबवण आणि साचा यांचा आधार घेतला. आपल्याकडे उडीद आणि तळहात कामी आले. (आंबवण आपल्याला माहीत नव्हते असेही नाही. खानदेशातली बिबडी ज्वारी तीन दिवस भिजत घालूनच होतात.)

रात्री आजीला फोनवर हा सगळा प्रकार सांगितला. आठ दिवस पीठ आंबवायचे, मग भाजायचे, मग एक दिवस थांबायचे, हे ऐकून ती म्हणाली, “इतक्या दिसाची भाकर? मंग खायाले कोन राहीन?”

त्या हिवाळ्यात असोद्याला गेलो तो वही, वजनकाटा आणि एक मोठा सिद्धांत घेऊन. आजीला आता ऐंशी लागले आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले, तेव्हापासून तिला थापता येत नाही. आईला पोळ्या येतात, कळणा तिने कधी केला नाही, कारण घरात तो बंद झाला होता. का बंद झाला हे वर लिहिलेच आहे. माझा सिद्धांत असा होता की हे ज्ञान हातात असते, शब्दांत येत नाही, म्हणूनच ते दप्तरांत आले नाही आणि हात थांबला की ते संपते. शोधनिबंधाला शोभेल असे वाक्यही मी लिहून ठेवले होते.

घरात डब्याच्या तळाशी कळण्याचे पीठ होते, मावशीने केव्हातरी आणून दिलेले. मी परातीत घेतले, आजी शेजारी पाटावर बसली. पीठ मळले, गोळा केला, पाण्याचा हात लावून थापू लागलो. वीतभर झाली नाही तोच कडांना भेगा पडल्या. उचलली तर अर्धी परातीत, अर्धी हातात. दुसरी तशीच. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचे दोन भाग झाले. मी वहीत लिहिले: ‘हस्तकौशल्याचा अभाव’. आणि आजीला म्हणालो, तुझ्या हातात जे आहे ते माझ्या हातात येणार नाही.

आजीने परातीतली चिमूट उचलून बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाली, “हाताले काहून दोस देतो? पीठ जुनं झालं, विरी गेली त्याची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नव्याने दळले. त्या दोन तासांत आजीने मला जे सांगितले ते सगळे शब्दांत होते, आणि अगदी नेमके होते. ज्वारी दादर असावी. दादर म्हणजे आमच्याकडची काळ्या जमिनीत, ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, जिची भाकरी गोडसर होते. चार डबे दादरीला एक डबा उडीद. उडीद फार झाला तर भाकरी चामट होते आणि पोटाला जड पडते. मीठ धान्यातच टाकून दळायचे म्हणजे ते सगळीकडे सारखे लागते. पीठ मैद्यासारखे बारीक नको, हाताला किंचित रवाळ लागले पाहिजे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त दळून ठेवू नये. नुसत्या ज्वारीला आधण लागते, कळण्याला कोमट पाणी पुरते, कारण बांधायचे काम उडीद करतो. तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, गोळ्याला चीर पडेनाशी झाली की थांबायचे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे आणि ते पुरते सुकायच्या आत उलटायची, नाहीतर वर भेगा पडतात. दोन्ही बाजू झाल्या की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिथे ती फुगते.

एकाच ठिकाणी ती अडली. मीठ किती, तर मूठभर. मी काट्यावर तिच्या डाव्या हाताच्या पाच मुठी मोजल्या. पाचही वेगवेगळ्या भरल्या. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांत दहा ग्रॅमांचा फरक होता. ती म्हणाली की मूठ सारखी नसतेच, उन्हाळ्यात जरा जास्त घ्यायची.

माझा सिद्धांत तिथेच मोडला, त्या पहिल्या तीन भाकऱ्यांसारखा. हे ज्ञान शब्दांपलीकडचे वगैरे काही नव्हते. कारण, प्रमाण, मुदत, अपवाद, सगळे तिला मांडता येत होते. मी म्हणालो, इतकी वर्षे कुणाला सांगितले का नाहीस? ती म्हणाली, “इचारलं कोनी?”

या प्रश्नावर मी अजून अडकलो आहे. आपण इतिहासाचे विद्यार्थी ‘मौखिक परंपरा’, ‘अलिखित ज्ञान’ असे शब्द फार सहज वापरतो. त्यात एक सोय असते. अलिखित म्हटले की लिहून घेण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ज्यांनी विचारले त्यांना मिळाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहिणाबाईंच्या घरातल्यांनी कागद घेतला म्हणून आपल्याला बहिणाबाई माहीत आहेत. गॅझेटिअर लिहिणाऱ्यांनी सारा किती, पीक किती, हे विचारले आणि ते त्यांना कळले. मी आजीला एकदाच काही मागितले होते, तेही गव्हाची पोळी.

चुलीपुढे बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट निघाली, जिच्यासाठी मी मुळीच गेलो नव्हतो. १९७२ च्या दुष्काळाची. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो त्या काळात रेशनवर मिळे. मिलो हीदेखील ज्वारीच, पण तिच्या भाकरीविषयी महाराष्ट्रात त्या पिढीतले कुणीही चांगले बोलत नाही. आजी तेव्हा पंचविशीत, पदरात दोन मुले. मिलोची भाकरी थापताच तुटायची. घरात उडीद नावालाच होता. तिने मूठ-मूठ उडीद जात्यावर भरडून त्या पिठात मिसळला आणि भाकरी धरू लागली. शेजारणींनी पाहिले, त्यांनीही केले. तिच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. रोजगार हमी, सुकडी, दुष्काळी कामावरची मजुरी हे सगळे मी पुस्तकांत वाचले आहे, परीक्षेत लिहिले आहे. टंचाईत मिळालेल्या परक्या धान्याला असोद्याच्या बायकांनी आपल्या जुन्या युक्तीने कसे ताळ्यावर आणले, हे मात्र मला त्या सकाळी पहिल्यांदा कळले. हिंडहेडे यांनी कोपनहेगनमध्ये जे केले त्याचा अहवाल आहे. याचा नाही. आजीची आठवण हा एकाच घरातला पुरावा आहे, त्यावरून सबंध खानदेशाविषयी विधान करणे चूक ठरेल, हे मला कळते. म्हणूनच विनंती आहे. तुमच्या घरात त्या काळातले कुणी असेल तर मिलोची भाकरी कशी करत हे विचारा, आणि गाव व साल यांसह खाली लिहा.

त्या दिवशी माझ्या सात भाकऱ्यांपैकी पाच धड निघाल्या आणि एक फुगली. भरीत आईने केले. आजीने फुगलेली भाकरी घेतली, पापुद्रा काढून त्यात तेल आणि ठेचा घातला, आणि काही न बोलता संपवली.

पुण्याला निघण्याआधी वहीतले सगळे तिला वाचून दाखवले. तिने दोन दुरुस्त्या केल्या. डबा म्हणजे कोणता डबा ते लिहिलेले नव्हते, म्हणून तो आणून माझ्या काट्यावर ठेवला: ज्वारीने भरला की सातशे ऐंशी ग्रॅम. दुसरी दुरुस्ती चक्कीविषयीची. गव्हाच्या पाठोपाठ कळणा दळला तर आधीच्या दळणातला गहू त्यात येतो आणि भाकरी वातड होते, म्हणून चक्कीवर आधी विचारायचे की आत्ता काय दळले. ज्वारी किंवा बाजरी दळली असेल तरच आपला डबा पुढे करायचा. हे राहिले होते. “लिव्ह त्याच्यात,” ती म्हणाली, “गव्हावर दयू नको.”

लिहिले आहे.